नुसता दिवा

मित्रांनो, मी एक जुना, खांद्यावरचा कॅमेरा आहे. तुमचे कॅमेरे खिशात मावतात आणि ताटातल्या भाजीचेही फोटो काढतात. माझं तसं नव्हतं. मला उचलायला भक्कम खांदा लागायचा. माझं वजन सात किलो, बॅटरीचं वेगळं. ज्याने मला बावीस वर्षं वाहिलं, त्याचा उजवा खांदा आजही डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आहे. त्याला सगळे भिंगदादा म्हणत, कारण तो माझं भिंग पुसल्याशिवाय चहासुद्धा घेत नसे.

माझा जन्म एका मोठ्या, स्वच्छ कारखान्यात झाला. तिथे बोलायला बंदी नव्हती, पण कुणी फारसं बोलत नसे. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईने माझं भिंग बसवलं, डोळा बारीक करून त्यातून आरपार पाहिलं आणि शेजारणीला म्हणाली, "याला आता जगभरचं बघायचंय." मी हुरळून गेलो. मला वाटलं, आता समुद्र, डोंगर, राजेमहाराजे! प्रत्यक्षात मी येऊन पडलो एका मध्यम शहरातल्या छोट्या वृत्तवाहिनीत. वाहिनीचं कार्यालय म्हणजे शिंप्याच्या दुकानावरच्या तीन खोल्या. खाली शिलाई मशीन सुरू झालं की वर बातम्या वाचणाऱ्याचं टेबल थरथरायचं.

पण माझा मुळीच हिरमोड झाला नाही, कारण पहिल्याच आठवड्यात मला माणसाचा चेहरा दिसला. म्हणजे चेहरे मी आधीही पाहिले होते, पण दिवा लागल्यावरचा चेहरा पाहिला नव्हता. माझ्या कपाळावर एक छोटा लाल दिवा आहे. चित्रीकरण सुरू झालं की तो लागतो. तो लागला की काय होतं, हे मी हजारो वेळा पाहिलं आणि दरवेळी थक्क झालो. रस्त्यात भांडणारी माणसं दिवा पाहून एकमेकांना 'अहो-जाहो' करू लागत. तोंडाची टकळी न थांबणारा केशकर्तनवाला मुका होई. एक दांडगा पैलवान दिवा लागताच आपल्या आईच्या आठवणीने रडायला लागला, आणि त्याला विचारलं होतं फक्त वजन किती उचललं ते! एवढासा दिवा, वाटाण्याएवढा. त्याच्यापुढे माणूस सरळ उभा राहतो, शर्टाची वरची गुंडी लावतो आणि आपलं आयुष्य कुणीतरी ऐकणार आहे असं मनापासून मानतो.

या दिव्याचा एक गैरवापरही होता आणि तो मला सांगितलाच पाहिजे. आमच्या धंद्यात त्याला 'नुसता दिवा' म्हणत. गर्दीत दहा जण पुढे पुढे करतात, सगळ्यांनाच टीव्हीवर यायचं असतं. सगळ्यांचं टिपायला कॅसेट कुठून आणायची? मग भिंगदादा माझ्या पोटाशी असलेलं एक बटण दाबी. दिवा लागे, पण आत कॅसेटची चाकं फिरत नसत. माणूस बोले, समाधान पावे आणि निघून जाई. संध्याकाळी तो दिसला नाही की त्याला वाटे, वेळ कमी पडला असेल. कुणाचं काही बिघडत नाही, असं भिंगदादा म्हणे. मलाही तसंच वाटे. आपल्या पोटात काही गेलं नाही, एवढंच काय ते मला कळे.

मग आमच्या शहरात महापौरपदाची निवडणूक आली. महापौर थेट लोकांनी निवडायचा होता. मित्रांनो, त्या सहा आठवड्यांत मी जेवढं पाहिलं तेवढं आधीच्या सहा वर्षांत पाहिलं नव्हतं. एकूण अकरा उमेदवार. त्यांत विद्यमान महापौर सगळ्यांत पुढे. उंच माणूस, आवाज असा की माइक नसला तरी चालावं. ते गल्लीत शिरले की बायका गॅस बंद करून बाहेर येत. एक डॉक्टर उभे होते, ते मतं मागता मागता नाडी तपासत. जुनी गाणी गाणाऱ्या एक बाई होत्या. मी सगळ्यांच्या मागे धावलो, म्हणजे भिंगदादा धावला आणि मी हिंदकळलो. सोबत आमची बातमीदार ताई. बुटकी, चटपटीत, पायात नेहमी धावायचे बूट. प्रश्न विचारताना ती टाचा उंचावून उभी राहायची आणि उत्तर आवडलं नाही तर हळूच टाचा टेकायची.

अकरावा उमेदवार अर्ज भरायला आला तेव्हा निवडणूक कचेरीत हशा पिकला. ते होते पाणीपुरवठा खात्यातले निवृत्त कर्मचारी. शहर त्यांना कानवाले काका म्हणे. जमिनीखालचा नळ कुठे गळतोय हे शोधायचं त्यांचं काम. हातात माणसाच्या छातीइतकी उंच लोखंडी सळई, वरच्या टोकाला लाकडाची छोटी वाटी. सळई रस्त्यावर टेकवायची, वाटीला कान लावायचा, डोळे मिटायचे. मग काका खडूने फुली मारत आणि म्हणत, "इथे खणा." एकतीस वर्षांत त्यांनी फुली चुकीची मारली नाही, असं त्यांचे सोबती शपथेवर सांगत.

ताईने माइक पुढे केला. "काका, तुम्हाला महापौर का व्हायचंय?"

"मला कुठे व्हायचंय?" काका म्हणाले. "मला तीन मिनिटं पाहिजेत."

नियमच होता तसा. प्रत्येक उमेदवाराला स्थानिक वाहिनीवर तीन मिनिटं बोलायला द्यायची, मग तो कुणीही असो. हा नियम कचेरीच्या भिंतीवर डकवलेला होता. तो बहुधा एकट्या काकांनीच शेवटपर्यंत वाचला होता. त्यांचं हे उत्तर आम्ही संध्याकाळी बातम्यांच्या शेवटी गंमत म्हणून दाखवलं. निशाणी म्हणून त्यांना बादली मिळाली. जन्मभर गळतं पाणी शोधणाऱ्याला बादली! निवडणूक कचेरीला विनोद कळत नाही असं कोण म्हणेल?

तीन मिनिटांत काय सांगायचं होतं त्यांना? सांगतो. शहराच्या मधोमध एक शाळा आहे आणि शाळेच्या मैदानाच्या कडेला पाण्याची उंच टाकी. चार पाय, वर सहा लाख लिटर पाणी. काका निवृत्तीनंतरही सवयीने सळई घेऊन फिरत. एकदा त्यांनी टाकीच्या चौथ्या पायाला सळई लावली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पायाखाली गळती होती. पाणी तिथली माती रोज थोडी थोडी खात होतं. त्यांनी खात्याला सात पत्रं लिहिली. दोन अभियंते आले, मान वर करून पाहिलं, एक चक्कर मारली आणि लेखी उत्तर दिलं, 'पाहणीत काही आढळले नाही.' खोटं नव्हतं ते. दिसण्यासारखं काही नव्हतंच. जे होतं ते ऐकायचं होतं, आणि निवृत्त माणसाच्या कानावर विश्वास कोण ठेवणार?

काकांच्या चित्रीकरणाची वेळ ठरली ती दुपारची, टाकीच्या पायाशीच. काका इस्त्रीचा शर्ट घालून, हातात लिहून आणलेला कागद घेऊन आले होते. सोबत सून होती, तिच्या हातात भिंतीवरचं घड्याळ. घरी रोज सराव चालला होता म्हणे. सासरे बोलत आणि सून घड्याळ धरून बसे. "काल तीन मिनिटं दहा सेकंद झाली," ती भिंगदादाला सांगत होती, "मग आम्ही 'बंधू-भगिनींनो' काढून टाकलं."

ताई त्या दिवशी गाणाऱ्या बाईंकडे गेली होती. भिंगदादा एकटाच होता. कॅसेटमध्ये चारच मिनिटं उरली होती, नवी आणायला कार्यालयात जावं लागलं असतं, आणि तासाभरात महापौरांची मिरवणूक त्याच रस्त्याने येणार होती. त्याने माझ्याकडे पाहिलं, काकांच्या शर्टावरच्या बादलीच्या बिल्ल्याकडे पाहिलं. आणि पोटाशी असलेलं ते बटण दाबलं.

दिवा लागला. काकांच्या चष्म्याच्या दोन्ही काचांत मला तो दिसला. काका बोलू लागले. मित्रांनो, मी मोठमोठ्यांची भाषणं ऐकली आहेत, पण असं बोलणं ऐकलं नव्हतं. एक शब्द जास्त नाही. पाय कोणता, आवाज कधीपासून, आधी कसा होता, आता कसा आहे, खाली किती मुलं खेळतात. आवाज चढवला नाही. हात जोडले नाहीत. शेवटी म्हणाले, "टाकी आधी रिकामी करा, मग मला खुशाल वेड्यात काढा." आणि मग सुनेच्या हातातल्या घड्याळाकडे बघून हसले, "पाच सेकंद उरले. ते तुम्हाला."

आणि माझ्या पोटात चाकं थांबलेली होती. मला ओरडावंसं वाटलं. पण कॅमेऱ्याला तोंड नसतं. एवढं अचाट काही माझ्यासमोर घडलं आणि त्यातला एक कणही माझ्याजवळ राहिला नाही, याची मला आजही लाज वाटते.

संध्याकाळी 'आपले उमेदवार' कार्यक्रमात दहा जण दिसले. काकांच्या जागी बादलीचं चित्र आणि खाली नाव, दहा सेकंद. ताईने विचारलं तेव्हा भिंगदादा म्हणाला, "टेप खराब निघाली." दुसऱ्या दिवशी सकाळी काका जिना चढून आमच्या खोल्यांत आले. मी टेबलावर होतो, भिंगदादा माझं भिंग पुसत होता. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"चुकलंच माझं," काका म्हणाले. "कागदावरून वाचायला नको होतं. घराघरांत माणसं बसली होती टीव्हीपुढे. सुनेने सगळ्या गल्लीला सांगितलं होतं. मी नीट बोललो नसेन, म्हणून तुम्ही दाखवलं नसणार."

भिंगदादा भिंग पुसत राहिला. ते केव्हाच स्वच्छ झालं होतं.

"काका, तुम्ही नाही चुकलात," तो शेवटी म्हणाला. "मी नुसता दिवा दिला होता."

"नुसता दिवा म्हणजे?"

"म्हणजे दिवा चालू, आतली टेप बंद. तुमचं काही उतरलंच नाही."

ताई दारात उभी होती. तिने टाचा टेकल्या. काकांनी माझ्या दिव्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता त्यांच्या हातातली सळई माझ्या डोक्यात बसणार. आणि मित्रांनो, बसली असती तर मी तक्रार केली नसती.

"आमच्या खात्यातही असतं असं," ते म्हणाले. "नळाला कधी कधी नुसती हवा येते. मीटर गरगर फिरतो. लोकांना वाटतं पाणी आलं. पण पोरा, हवेवर माणूस किती दिवस काढणार?"

भिंगदादा पन्नाशीचा माणूस. त्याला 'पोरा' म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. त्याने मान खाली घातली ती वर केलीच नाही. बोलली ती ताई. "प्रचार आज संध्याकाळी पाचला संपतोय. काका, नियमाने तुमची तीन मिनिटं अजून आमच्याकडे आहेत. ती मी तुम्हाला देणार, आणि थेट देणार."

त्या दिवशी थेट प्रक्षेपण एकाच ठिकाणाहून होणार होतं, महापौरांच्या शेवटच्या सभेतून. आणि सभा कुठे? शाळेच्या मैदानावर, कारण शहरात तेवढं मोठं मैदान दुसरं नव्हतं. आमच्या कार्यालयापासून मैदानापर्यंत छपरांवरून तार ओढली होती. मी पोचलो तेव्हा मैदान माणसांनी भरलेलं होतं. लोक टाकीच्या पायांना टेकून उभे होते. काही तर सावली बघून चौथ्या पायाशीच बसले होते. भिंगदादाने नवी कोरी कॅसेट माझ्या पोटात घातली आणि दोनदा उघडून पाहिली.

महापौरांचं भाषण रंगात आलं होतं. साडेचारला ताई व्यासपीठाच्या पायऱ्या चढली आणि त्यांच्याशी बोलली. आम्ही थेट चालू होतो, हे त्यांना ठाऊक होतं. सगळ्या शहरासमोर 'नाही' म्हणणं कठीण. शिवाय माणूस दिलदार होता. ते मोठ्याने हसले, "या, या बादलीवाले! आमच्या सभेत तुमचंही ऐकू द्या." लोकही हसले.

काका पायऱ्या चढलेच नाहीत. ते सरळ टाकीकडे गेले. त्यांनी कागद आणला नव्हता. भिंगदादा मला घेऊन मागोमाग गेला. काकांनी सळई पुढे केली आणि मागून आलेल्या ताईने आमच्या वाहिनीचा माइक आणि सभेचा माइक, दोन्ही चिकटपट्टीने वाटीला बांधले.

"हा पहिला पाय," काका म्हणाले आणि सळई टेकवली. कर्ण्यांतून बारीक घूं असा आवाज आला. "हा ठणठणीत आहे. हा दुसरा." तसाच आवाज. तिसरा, तसाच. लोकांत चुळबुळ सुरू झाली. कुणीतरी ओरडलं, "काका, गाणं लावा एखादं!"

"आता हा चौथा."

तो आवाज मी तुम्हाला कसा सांगू? मैदानाभोवतीच्या बारा कर्ण्यांतून आणि शहरातल्या घराघरांतून तो एकाच वेळी आला. आधी पाण्याची खळखळ. तिच्याखाली काहीतरी हळूहळू घासत होतं, घसरत होतं, थांबत होतं आणि पुन्हा घसरत होतं. पायाला टेकून बसलेली माणसं एक एक करून उठली. कुणी किंचाळलं नाही, कुणी पळालं नाही. हजारो माणसं होती आणि एकही बोलत नव्हता. मी सगळीकडे पाहिलं. टाकी तशीच उभी होती, पांढरी, रंगवलेली, एक चीरही नाही. मी, ज्याला जगभरचं बघायचं होतं तो, काहीच पाहू शकत नव्हतो. माझ्या शेपटीला, म्हणजे मागच्या तारेला, बांधलेल्या बोटभर माइकला मात्र सगळं समजलं होतं. त्या दिवसापासून मी माइकशी आदराने वागतो.

महापौर व्यासपीठावरून उतरले. गर्दीने वाट दिली. त्यांनी माइक बाजूला करून स्वतःचा कान वाटीला लावला आणि डोळे मिटले. माझा दिवा त्यांच्या तोंडासमोर दोन हातांवर होता. मित्रांनो, इतक्या वर्षांत प्रथमच मी असा चेहरा पाहिला की जो माझा दिवा विसरला होता. गुंडी सरळ केली नाही, हसू आणलं नाही. ते नुसतं ऐकत होते. एवढा मोठा आवाजाचा माणूस, पण ऐकताना तो किती वेगळा दिसला!

"किती दिवस काढेल?" त्यांनी हळू विचारलं.

"ते मला नाही सांगता येणार, साहेब. मी फक्त ऐकतो."

महापौरांनी माइक तोंडाशी धरला. "सभा संपली. पलीकडच्या मोठ्या दाराने सगळे सावकाश बाहेर पडा. म्हाताऱ्यांना आधी जाऊ द्या. आणि टाकीची चावी कुणाकडे आहे? टाकी आत्ता रिकामी करायची."

चावी चौकीदाराकडे होती, पण गंजलेली झडप कशी फिरवायची ते काकांनाच ठाऊक होतं. त्यांनी आणि भिंगदादाने मिळून ती फिरवली. मला त्याने पहिल्यांदाच जमिनीवर ठेवलं होतं, तेही चालू अवस्थेत. म्हणून मला पुढचा बराच वेळ फक्त पाय दिसले. रांगेने, न ढकलता बाहेर जाणारे पाय. चपला, बूट, काठ्या, अनवाणी. शेवटी ताईचे धावायचे बूट एका म्हातारीच्या चपलांच्या सोबतीने सावकाश गेले. मागे सहा लाख लिटर पाणी गटारातून गर्जत निघालं होतं. असं भव्य दृश्य मी पुन्हा पाहिलं नाही.

आठ दिवसांनी चौथ्या पायाखाली खणलं तेव्हा आत एक म्हैस आरामात बसेल एवढी पोकळी निघाली. ते सात पत्रांना उत्तर देणारे अभियंते काठावर उभे राहून आत बघत होते. आता दिसत होतं.

निवडणूक महापौरांनीच जिंकली, दणदणीत. काकांना मिळाली तीनशे बारा मतं. निकालाच्या दिवशी ताई त्यांच्या घरी गेली, अर्थात आम्हीही. सुनेचा चेहरा उतरलेला होता. "लोकांना काही वाटतच नाही," ती म्हणत होती.

"वाईट वाटलं का, काका?" ताईने विचारलं.

"कशाचं?" काका म्हणाले. "मी पण मत साहेबांनाच दिलं. टाकी रिकामी करायला महापौर लागतो. ऐकायला काय, कुणीही चालतो."

भिंगदादा त्या दिवशी हसता हसता डोळे पुसत होता. मी हललो, म्हणून ते चित्र थरथरलेलं आहे. त्यानंतर त्याने 'नुसता दिवा' कुणालाही दिला नाही. कॅसेट संपली असेल तर सरळ सांगे, "थांबा, नवी घेऊन येतो." लोक थांबत.

पुढे हलके कॅमेरे आले. माझ्या पोटाची चाकं झिजली, सुटे भाग मिळेनात. वाहिनीही शिंप्याच्या वरून उठून मोठ्या इमारतीत गेली. आता मी तिथल्या एका कपाटात आहे, खालच्या फळीवर, तुटक्या पंख्याच्या आणि जुन्या रजिस्टरांच्या सोबत. मला धुळीचं दुःख नाही. म्हाताऱ्याने थोडी धूळ खावी, त्यात काय एवढं! मला काळजी आहे ती वरच्या फळीची. तिथे कॅसेटी आहेत, दोनशे-अडीचशे. कपाटाला ओल आली आहे आणि कॅसेटींवर पांढरी बुरशी धरू लागली आहे. गेल्या वर्षी कुणीतरी दार उघडलं, नाक दाबलं, "हे सगळं टाकून द्यायचंय," असं म्हणालं आणि दार लावलं.

त्यांतल्या एका कॅसेटवर भिंगदादाच्या अक्षरात लिहिलं आहे, 'चौथा पाय.' काका आता नाहीत. टाकी पाडून तिथे नवी बांधली. ज्यांना काहीच झालं नाही अशी हजारो माणसं आपापल्या घरी आहेत, आणि आपल्याला काय होणार होतं हे ती विसरून गेली आहेत. तसंच असावं. पण मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी मोठेपणी त्या इमारतीत कामाला लागलात, तर ते कपाट उघडा. नाक दाबा हवं तर. ती कॅसेट मऊ फडक्याने पुसा, उन्हात नको, सावलीत वाळवा, आणि एखाद्या चालत्या यंत्रात घाला. तिच्यात एक अख्खं शहर तोंड मिटून एका निवृत्त माणसाचं ऐकतंय. असं ते पुन्हा कधी गप्प बसलेलं मी पाहिलं नाही. बुरशीने खाऊन टाकण्याआधी ते कुणीतरी जपून ठेवा.